चांपानेरच्या वावेसाठी परदेशी सरकारी निधी: कोणाकडे मागायचा, किती आणि कसा?

वाववाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चांपानेर-पावागढ परिसरात एक लहान वाव (पायऱ्यांची विहीर) आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत ती नाही. वरच्या दोन टप्प्यांच्या भिंती पोटातून फुगल्यात, पिंपळाने सांधे उघडलेत आणि तळाशी गाळ साचलाय. बडोद्यातला एक नोंदणीकृत सार्वजनिक न्यास तिची दुरुस्ती करायला तयार आहे. न्यास सहा वर्षांचा आहे. १२-ए आणि ८०-जी (करसवलतीच्या नोंदण्या) आहेत, एफसीआरए (परदेशी पैसा घेण्याची नोंदणी) नाही. कच्चा अंदाज ४० ते ४५ लाखांचा.

न्यासाच्या बैठकीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, चांपानेर २००४पासून जागतिक वारसा यादीत आहे, सरळ युनेस्कोला लिहू. दुसरा म्हणतो, परदेशी वकिलातींकडे यासाठीच निधी असतो, तिकडे जाऊ. यातले कोणते दार खरे, रक्कम केवढी, सही कोणाची, मुदत कोणती, हे जाणकारांनी सांगावे. भावना नकोत, पायऱ्या सांगा. (वावेच्या नव्हे, अर्जाच्या.)

जाता जाता, डभोईजवळच्या वढवाणा तलावालाही असे काही मिळू शकते का?

---

कागदीघोडे

पहिल्या तटाची निराशा आधीच करून टाकतो.

जागतिक वारसा करार १६ नोव्हेंबर १९७२चा. भारताने तो १४ नोव्हेंबर १९७७ रोजी स्वीकारला. कराराच्या १५व्या कलमाने जागतिक वारसा निधी स्थापन झाला आणि त्यात कोणी किती घालायचे ते १६व्या कलमात आहे. युनेस्कोच्या नियमित अंदाजपत्रकात देश जी वर्गणी भरतो, तिच्या फार तर १ टक्का. शंभर रुपये युनेस्कोला गेले तर एक रुपया इकडे. त्या एका रुपयावर १,२००हून अधिक स्थळांनी डोळा ठेवायचा. अख्ख्या जगासाठी वर्षाकाठी जी रक्कम वाटायला निघते, तेवढ्यात आपल्याकडे एखादा उड्डाणपूलही होणार नाही.

शिवाय करारातच लिहिले आहे की खर्चाचा मोठा वाटा त्या त्या देशानेच उचलायचा (कलम २५). मदतीचे प्रकार कलम २२मध्ये आहेत: अभ्यास, तज्ज्ञ, प्रशिक्षण, उपकरणे, कमी व्याजाचे किंवा बिनव्याजी कर्ज. परत न करण्याजोगे अनुदान सगळ्यात शेवटी येते, तेही ‘अपवादात्मक परिस्थितीत’. यादीत नाव लागले की पैशांचा नळ सुटतो ही समजूत कुठून पसरली कोण जाणे, पण मसुदा लिहिणाऱ्यांच्या मनात ती नव्हती.

तरी दार कुठे आहे ते सांगतो. आंतरराष्ट्रीय साहाय्य या नावाने तीन खाती आहेत.

तातडीची मदत: भूकंप, पूर, अचानक खचणे यांसाठी. ५,००० डॉलरपर्यंत युनेस्कोच्या जागतिक वारसा केंद्राचे संचालक मंजूर करतात, ७५,०००पर्यंत जागतिक वारसा समितीचे अध्यक्ष, त्यापुढे पूर्ण समिती. अर्ज कधीही करता येतो.

जतन व व्यवस्थापन: ५,०००पर्यंत संचालक, ३०,०००पर्यंत अध्यक्ष, पुढे समिती. ५,०००च्या वरच्या अर्जांची मुदत ३१ ऑक्टोबर.

पूर्वतयारी: नामांकनाचे कागद, संभाव्य यादी वगैरेंसाठी, कमाल ३०,००० डॉलर. हे खाते तुमच्या कामाचे नाही.

सांस्कृतिक स्थळांचे अर्ज इकोमॉस आणि इक्रोम या आंतरराष्ट्रीय जतन-संस्था तपासतात, नैसर्गिक स्थळांचे आययूसीएन ही निसर्ग-संवर्धन संस्था. वाटप साधारण ६५ टक्के सांस्कृतिक, ३५ टक्के नैसर्गिक. धोक्यातील वारसा यादीतली स्थळे रांगेत पुढे असतात. हंपी १९९९ ते २००६ त्या यादीत होते, मानस अभयारण्य १९९२ ते २०११. चांपानेर तिथे नाही, आणि नाही हे चांगलेच आहे.

आता मुद्द्याचे. अर्जदार देश असतो, न्यास नाही. कागद सर्वेक्षणाकडून संस्कृती मंत्रालयाकडे, तिथून पॅरिसमधल्या भारताच्या स्थायी प्रतिनिधी मंडळाकडे आणि मग जागतिक वारसा केंद्राकडे जातो. न्यासाने परस्पर पाठवलेल्या अर्जाला सभ्य उत्तर येते, एवढेच.

---

रावपुरेकर

म्हणजे गेल्या वर्षी आपले बारा किल्ले यादीत आले, त्यांच्यासाठीही तिकडून काही येणार नाही? आमच्या दांडिया बाजारात तर लोक कोटींत बोलत होते.

---

कागदीघोडे

रावपुरेकर काका, तिकडून कोटी येत नाहीत, कोटी इथलेच लागतात. जुलै २०२५मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले नोंदले गेले, त्यात अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे आणि बाकीचे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. खर्च त्या त्या खात्याचा. यादीमुळे वाढते ती जबाबदारी: व्यवस्थापन आराखडा, ठरावीक काळाने अहवाल, मोठ्या बांधकामाची आगाऊ कल्पना. फायदा वेगळ्या वाटेने होतो. पर्यटन खाते, राज्य सरकार, कंपन्यांचा सीएसआर यांच्याकडे मागणी करताना हातात एक वजनदार कागद असतो.

या पैशाची जुनी परंपराही सरकारांचीच आहे. इजिप्तमध्ये आस्वान धरणाच्या पाण्याखाली जाणारी अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ दरम्यान कापून वर नेली. त्या मोहिमेला सुमारे ८ कोटी डॉलर लागले आणि निम्मे साधारण ५० देशांनी वर्गणी काढून दिले. तेव्हा हा करारही नव्हता. करार आला तो त्या अनुभवातून, पण तसली वर्गणी रोज जमत नाही.

---

हिशेबनीस

दुसऱ्या तटाचे काम माझ्याकडे. वकिलातीकडे जाण्याआधी एफसीआरए समजून घ्या, नाहीतर मंजूर पैसा दारात उभा राहील आणि घरात घेता येणार नाही.

विदेशी अंशदान (विनियमन) कायदा, २०१०, आणि त्यातली २०२०ची दुरुस्ती. परदेशी सरकार हा ‘विदेशी स्रोत’ आहे. वकिलातीने दिलेला एक रुपयाही याखाली येतो, मग तो रुपयांत दिलेला असो. उलट संयुक्त राष्ट्रे आणि युनेस्कोसारख्या त्यांच्या विशेष संस्था कायद्याच्या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. एखाद्या देशाने युनेस्कोमार्फत पैसा दिला आणि करार तुमचा युनेस्कोशी झाला, तर कागद वेगळे. हा फरक पुष्कळ न्यासांच्या सीएंनाही ठाऊक नसतो.

नोंदणी हवी असेल तर न्यास किमान तीन वर्षे जुना हवा आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च केलेला हवा. यात ऑफिसभाडे आणि पगार धरू नका. अर्ज एफसी-३ए. दर्पण पोर्टलची (सरकारचे स्वयंसेवी संस्थांचे पोर्टल) ओळख आधी काढा. नोंदणी पाच वर्षांची, आणि नूतनीकरणाचा एफसी-३सी अर्ज मुदत संपण्याआधी करायचा. शेवटच्या महिन्यावर ठेवला की खाते गोठते, चालू कामाचे बिल अडकते आणि चुना खड्ड्यातच सुकतो.

१५ लाख खर्च झालेले नसतील तर पूर्वपरवानगी, अर्ज एफसी-३बी. ही एका देणगीदाराच्या, एका ठरलेल्या रकमेच्या, एका ठरलेल्या कामापुरती असते. त्यासाठी देणाऱ्याचे रक्कम आणि हेतू लिहिलेले वचनपत्र लागते. म्हणजे आधी मंजुरी, मग परवानगी, मग पैसा. मधले महिने वेळापत्रकात धरा.

दोन्ही प्रकारांत पैसा उतरतो तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच. तिथून स्थानिक बँकेतल्या वापराच्या खात्यात आणता येतो. बडोद्यात आधीपासून खाते आहे म्हणून तेच चालेल, असे नाही.

आणखी तीन ठिकाणी लोक ठेचकाळतात. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, पूर्वी ५० होता. मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. ठेकेदाराचे किंवा वास्तुविशारदाचे बिल फेडणे वेगळे, पण ‘अर्धे काम त्या दुसऱ्या न्यासाला देऊ’ हे २०२०नंतर बंद झाले. आणि एफसी-४ विवरणपत्र ३१ डिसेंबरच्या आत, त्या वर्षी एक पैसाही आला नसला तरी. खात्यावरचे व्याजही विदेशी अंशदानच धरतात.

हेतूच्या रकान्यात ‘सांस्कृतिक’ लिहा. वावेत देवीचा गोखला (कोनाडा) असेल, रोज दिवा लागत असेल, तर छायाचित्र बघून ‘धार्मिक’ की ‘सांस्कृतिक’ असा प्रश्न येऊ शकतो. तो आधीच एका वाक्यात स्पष्ट करा.

---

वाववाला

हिशेबनीसभाई, हे सोन्यासारखे आहे. गोखला आहे, आणि दिवाही लागतो.

आता कोणती वकिलात?

---

कागदीघोडे

सगळ्यात माहीत असलेला निधी अमेरिकेचा, अँबॅसडर्स फंड फॉर कल्चरल प्रिझर्वेशन, २००१पासूनचा. हैदराबादच्या कुतुबशाही मकबऱ्यांमधल्या तारामती आणि प्रेमामती यांच्या कबरींसाठी २०१९मध्ये त्यातून सुमारे १ लाख ३ हजार डॉलर आले होते. गुजरात मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो, त्यामुळे पहिला संपर्क तिथे.

या निधीच्या नियमावलीत काय चालत नाही ती यादी आधी वाचावी, काय चालते ती नंतर. खासगी मालकीची वास्तू चालत नाही. आपल्या पोळांतले (जुन्या मोहल्ल्यांतले) वाडे तिथेच बाद. नवे बांधकाम, कायमचे छप्पर, प्रतिकृती, अंदाजाने केलेली पुनर्बांधणी नाही. संशोधनासाठी उत्खनन नाही. नुसता जतन आराखडा किंवा नुसते डिजिटायझेशन नाही, मोठ्या कामाचा भाग असेल तर हो. १०,००० डॉलरच्या आतले काम नाही. मंजुरीआधी केलेला खर्च नाही. नैसर्गिक वारसा नाही, सांस्कृतिक धागा असल्याशिवाय. अर्जदाराला अमेरिकी सरकारच्या सॅम पोर्टलवर नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. तिथे न्यासाचे नाव आणि पत्ता धर्मादाय आयुक्तांच्या दाखल्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. ‘रोड’ आणि ‘मार्ग’ एवढ्यावरून अर्ज परत येतात.

मात्र अमेरिकी पैशावर पुढच्या वर्षाची गणिते बांधू नयेत. २०११मध्ये पॅलेस्टाइनला सदस्यत्व मिळाले आणि अमेरिकेने युनेस्कोची वर्गणी थांबवली. तेव्हा अंदाजपत्रकातला सुमारे २२ टक्के वाटा एका फटक्यात गेला. २०१८अखेर ते बाहेर पडले, २०२३मध्ये परतले आणि जुलै २०२५मध्ये पुन्हा बाहेर पडायचे जाहीर केले. त्या त्या वर्षीची सूचना निघाली आहे का हे पाहूनच कामाला लागा.

जर्मनीच्या परराष्ट्र खात्याचा सांस्कृतिक जतन कार्यक्रम १९८१पासून आहे, तोही वकिलातीमार्फत. ब्रिटिश कौन्सिल चालवते तो कल्चरल प्रोटेक्शन फंड २०१६चा, पैसा ब्रिटिश सरकारचा. त्याची देशांची यादी ठरलेली असते, आधी ती उघडा. जिनिव्हाचे अलिफ (वारसा-निधी) हे २०१७मध्ये फ्रान्स आणि संयुक्त अरब अमिरातींनी मिळून उभे केले, मुख्यतः युद्धात सापडलेल्या वारशासाठी. तुमच्या वावेचे शत्रू पिंपळ आणि गाळ, ते तिथे चालायचे नाहीत.

जपानची दोन दारे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, युनेस्कोतला जपानी विश्वस्त निधी, १९८९पासून. अफगाणिस्तानातल्या बामियानला मोठी मदत त्यातून झाली, आपल्याकडे सांची-सातधाराच्या स्तूपांनाही. दुसरे, अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प. तो पैसा मोठा होता, पण ते कर्ज होते, केंद्र सरकारने घेतलेले आणि फेडायचे. कोणी ‘जपानने अजिंठ्याला दिले, आपल्याला का नाही’ म्हणाले, तर हे सांगा.

---

मांडवी_नाका

सगळे ठीक. पण आपले सरकार कंबोडियात, व्हिएतनाममध्ये, नेपाळात देवळे दुरुस्त करते, युनेस्कोला दहा लाख डॉलर देते आणि चांपानेरच्या वावेने अमेरिकेच्या दारात कटोरा घेऊन उभे राहायचे? आधी घरचे बघा की.

---

कागदीघोडे

राग समजतो, पण खाती वेगळी आहेत. परदेशातल्या कामांचा खर्च परराष्ट्र मंत्रालयाच्या परदेश-सहाय्याच्या तरतुदीतून होतो. माणसे मात्र पुरातत्त्व सर्वेक्षणाची जातात, आणि खरी ओढाताण तिथे आहे. अनुभवी जतन-अभियंता दोन वर्षे बाहेर गेला की इथल्या मंडळात त्याची जागा भरली जात नाही.

आकडे बघा. २०१५च्या भूकंपानंतर नेपाळला दिलेल्या २५ कोटी डॉलरच्या अनुदानातले ५ कोटी सांस्कृतिक वारशासाठी, २८ स्थळांसाठी. जुलै २०२४मध्ये दिल्लीत जागतिक वारसा समितीचे ४६वे अधिवेशन भरले, तेव्हा पंतप्रधानांनी १० लाख डॉलर जाहीर केले, मुख्यतः विकसनशील देशांतल्या स्थळांसाठी. हा पैसा प्रशिक्षण आणि तांत्रिक मदतीवर जायचा आहे. अंगकोर वाटला आपली माणसे १९८६ ते १९९३ काम करत होती, जेव्हा तिथे जायला फारसे कोणी तयार नव्हते. त्या कामावर रासायनिक सफाई आणि सिमेंटच्या वापराबद्दल टीकाही झाली, आणि ती वाचण्यासारखी आहे. पुढे तिथल्याच ता प्रोम मंदिरात झाडे तोडायची नाहीत, मुळे सांभाळून दगड बसवायचे, अशी वेगळी पद्धत घेतली. व्हिएतनाममधल्या ‘मी सन’ या मंदिरसमूहात २०२०मध्ये आपल्या चमूला नवव्या शतकातले अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले.

---

चुनखडी

मांडवी_नाका यांनी काढलेल्या विषयात एक गोष्ट घालतो, कारण ती वावेलाही लागू आहे. देणारे सरकार पैशाबरोबर आपली खरेदी-पद्धतही देते. भूकंपानंतर नेपाळातल्या भक्तपूर नगरपालिकेने जर्मन सरकारच्या विकास बँकेची मदत २०१८मध्ये नाकारली. भक्तपुरात कामे स्थानिक उपभोक्ता समित्या करतात, मिस्त्री आणि सुतार गावातलेच. जर्मन अटींप्रमाणे ठेकेदार आणि सल्लागार निविदेतून यायला हवे होते. दुसरीकडे काठमांडूच्या राणीपोखरीत ठेकेदारी पद्धतीने काम सुरू झाले आणि मंदिराच्या पायात काँक्रीट दिसल्यावर लोकांनी ते थांबवले. सगळ्यात कमी दराची निविदा आणि चुन्याचे काम यांचे जमत नाही. चुन्याला वेळ लागतो आणि वेळेला दर नसतो.

आता वाववाला दादांच्या ४०-४५ लाखांकडे. अंदाजपत्रक दोन प्रतींत करा म्हणेन. एक आपल्या सार्वजनिक बांधकाम पद्धतीचे, दुसरे देणगीदाराचे. आपल्या पद्धतीत शेवटी ३ टक्के आकस्मिक खर्च सवयीने लागतो. अमेरिकी निधीत ‘आकस्मिक’, ‘किरकोळ’, ‘अनपेक्षित’ या शब्दांचा खर्च सरळ बाद होतो. वावेत तर अनपेक्षित असणारच. गाळ काढल्याशिवाय तळाचे थर दिसत नाहीत. म्हणून तो खर्च बाबींमध्ये विरघळवा: गाळ काढल्यानंतरचा सर्वेक्षण-खर्च वेगळी बाब, बदली दगडांची संख्या थोडी चढी, आधाराच्या लाकूडकामाचे भाडे महिन्यांत.

जीएसटी आणि विनिमय दर पोटात धरा. ५०,००० डॉलर मंजूर झाले आणि दर ८५ धरला, तर ४२.५ लाख. त्यातून १८ टक्के जीएसटीचा भाग बाजूला काढला की प्रत्यक्ष काम ३६ लाखांचे उरते. हप्ता येईपर्यंत दर ८२वर आला, तर दीड लाख आणखी गेले. पैसा एकदम येत नाही. शेवटचा हप्ता अंतिम अहवाल आणि हिशेब तपासल्यावर. तेवढी रक्कम न्यासाकडे फिरती हवी, नाहीतर मिस्त्री दिवाळीला गावी जातो तो परत येत नाही.

आणि वेळापत्रक. सगळ्यात मोठी चूक इथे होते. वावेचे स्वतःचे पंचांग आहे. गाळ काढायचा तर पाणी उतरलेले हवे, म्हणजे एप्रिल-मे. चुन्याची दरजभराई (सांधे भरणे) आणि दगड बसवणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर आपल्याकडच्या उन्हात चुना वरून सुकतो, आत कच्चा राहतो आणि पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. करायचेच झाले तर ओली गोणपाटे लावून दिवसातून तीन-चार वेळा शिंपडावे लागते. चुना भिजवून किमान २१ दिवस खड्ड्यात, जास्त मुरला तर उत्तम. देणाऱ्याचे वर्ष मात्र त्याच्या अंदाजपत्रकावर चालते. सप्टेंबरात मंजुरी आणि बारा महिन्यांत पूर्ण, अशी अट आली तर पहिला हंगाम कागदांत जातो, दुसरा अर्धवट राहतो. अर्जात कालावधी २४ महिने मागा आणि कारण हेच लिहा: एक उन्हाळा गाळासाठी, दोन हिवाळे बांधकामासाठी.

चुना साधा की पाण्यातही घट्ट होणारा, हा वावेत नेमका प्रश्न आहे. पाण्याच्या पातळीजवळ साधा कळीचा चुना हवेअभावी घट्ट होत नाही. तिथे सुरखी (विटांची पूड) लागते. चुना, सुरखी, वाळू समप्रमाणात घेऊन नमुन्याचे चौकोन करा, पाणी लागेल अशा जागी ठेवा आणि मग प्रमाण हलवा. सिमेंटची ग्राउट (भेगांत सोडायचा पातळ भराव) कोणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा. वालुकाश्म मऊ, सिमेंट कडक आणि बंद. ओल दगडातूनच बाहेर पडते, क्षार दगडाच्या तोंडाशी जमतात आणि सांधा शाबूत राहून दगडच खवले टाकतो.

पिंपळ उपटू नका. वर छाटा, मूळ मारा, आणि मुळाने पोकळ केलेली जागा पातळ चुन्याने, गुरुत्वाच्या दाबानेच, खालून वर भरत या. फुगलेल्या भिंतीवर तडे ओलांडून काचपट्ट्या आत्ताच, अर्जाआधी लावा (तडा हलला की काच फुटते). पट्टीवर तारीख लिहा. पावसाळ्याआधी आणि नंतरचे फोटो जोडले, की ‘तातडी का’ या रकान्यात विशेषणे लिहावी लागत नाहीत.

---

पाणथळ

वढवाण्याबद्दल. हा तलाव सयाजीरावांच्या काळात, गेल्या शतकाच्या सुरुवातीला, सिंचनासाठी बांधला. २०२१मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आला. इथे येणारी मोठी लालसरी पाहायला लोक लांबून येतात.

रामसर म्हणजे जागतिक वारसा नव्हे, तेव्हा वर सांगितलेला निधी इथे लागू नाही. युनेस्को आणि फॉना अँड फ्लोरा यांची शीघ्र मदत योजना (साधारण ३०,००० डॉलरपर्यंत, झटपट निर्णय) मुळात नैसर्गिक जागतिक वारसा स्थळांसाठी आहे, म्हणून तीही नाही. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम सरकारांच्या वर्गणीवर चालतो आणि गावपातळीच्या संस्थांना लहान रकमा देतो. पण प्रत्येक टप्प्यात देशातले ठरावीक भूप्रदेशच निवडतात. आपला तालुका त्यात बसतो का ते पाहिल्याशिवाय अर्ज लिहायला घेऊ नका.

मोठा पैसा देशातलाच: जलीय परिसंस्था संवर्धनाची राष्ट्रीय योजना, एनपीसीए. केंद्र ६०, राज्य ४०. अर्ज राज्य सरकारचा, आणि सोबत एकात्मिक व्यवस्थापन आराखडा. घोडे अडते ते आराखड्यातल्या पाण्याच्या ताळेबंदावर. पाणी सोडण्याचा निर्णय सिंचनाचा, पक्षी वन खात्याचे, आणि उथळ कडा उघड्या राहाव्यात यासाठी पातळी किती ठेवायची हे दोघांनी मिळून लिहून द्यावे लागते. ते पान कोरे असेल तर बाकीची शंभर पाने वाया.

कोणी सुशोभीकरण म्हणून काठावर पक्का घाट काढायला निघाले, तर २०१७चे पाणथळ नियम दाखवा. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी महत्तम पूररेषेपासून ५० मीटरमध्ये कायम बांधकामाला मनाई आहे, होडीचा धक्का वगळून.

---

रावपुरेकर

आणि आपल्या रावपुऱ्यातला तांबेकर वाडा? भित्तिचित्रे केवढी सुंदर. तिथे न्यासाला परदेशी पैसा आणता येईल का?

---

हिशेबनीस

काका, तो पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे संरक्षित आहे. तिथे बाहेरच्या संस्थेने स्वतः हात लावायचा नाही. मार्ग राष्ट्रीय संस्कृती निधीचा: १९९६चा न्यास, सरकारने घातलेले मूळ भांडवल १९.५ कोटी. देणगीदार, निधी आणि सर्वेक्षण यांचा त्रिपक्षीय करार होतो, काम सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली, देणगीवर १०० टक्के वजावट. परदेशी पैसाही या दारातून येऊ शकतो आणि तेव्हा तुमच्या न्यासाच्या एफसीआरएचा प्रश्नच उरत नाही. फक्त करारात कामाच्या बाबी आणि टप्पे नेमके लिहून घ्या. ‘संवर्धन व सुविधा’ एवढेच लिहिले तर सुविधा आधी होतात.

---

वाववाला

सगळ्यांचे आभार. एनीआरओआरवर (गुजरातच्या जमीन-नोंदींचे संकेतस्थळ) उतारा काढला. वावेचा सर्व्हे नंबर ‘सरकारी पडतर’ (सरकारी पडीक जमीन) निघाला. म्हणजे मालक कलेक्टर? न्यासाकडे आजवर फक्त ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र होते.

---

कागदीघोडे

मग ते पत्र देणगीदाराच्या दृष्टीने शून्य. पण बातमी चांगली आहे. सरकारी जमीन म्हणजे खासगी मालकीचा अडसर गेला.

आधी तलाटी आणि मामलतदारांकडून हद्दीची मोजणी करून घ्या. नकाशावर तीन रेषा लागतात: सर्व्हे नंबरची, जागतिक वारसा क्षेत्राची (मुख्य सुमारे १,३२९ हेक्टर, भोवतीचे बफर सुमारे २,९१२), आणि जवळच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर मनाई व पुढचे २०० मीटर नियंत्रित अशी. वाव त्या १०० किंवा २०० मीटरमध्ये असेल, तर दुरुस्तीलाही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. लगतची हद्द वनविभागाची निघाली, तर त्यांचेही पत्र. डोंगराच्या पायथ्याशी हे हमखास निघते.

मग कलेक्टर कचेरीला अर्ज, त्याची प्रत राज्य पुरातत्त्व खात्याला आणि चांपानेर-पावागढच्या व्यवस्थापन प्राधिकरणाला.

---

चुनखडी

अर्जासोबत मोजमाप नकाशा जोडा. आराखडा, दोन छेद, १:५० प्रमाणात. गाळाखालचा भाग तुटक रेषेत दाखवा आणि तसे लिहा. अंदाजाने काढलेली पूर्ण रेष पाहिली की तपासणारा बाकीच्या रेषांवरही विश्वास ठेवत नाही.

---

हिशेबनीस

आणि कलेक्टरांच्या पत्रात ही वाक्ये असतील असे पाहा: मालकी शासनाची आहे, न्यासाला अमुक सर्व्हे नंबरमधील वावेच्या दुरुस्तीची परवानगी अमुक तारखेपर्यंत आहे, काम संपल्यावर देखभाल कोण करणार, आणि तिथे तिकीट किंवा व्यापारी वापर होणार नाही. तारीख २४ महिन्यांच्या पुढची घ्या. मंजुरीचे महिने त्यातूनच कापले जातात.

---

वाववाला

सोमवारी मामलतदार कचेरी. काचपट्ट्या उद्याच लावतो. चुनखडी दादा, त्या कशाने चिकटवायच्या, सिमेंटने की पीओपीने?

---

चुनखडी

पीओपी ओलीत सुटते, सिमेंट दगडाला चिकटून बसते. चुना-सुरखीचा लहान गोळा, दोन्ही टोकांना. काच २ मिलिमीटरची, मधला भाग मोकळा.